डॅशबोर्ड बनवायच्या आधी वीस तिकिटं उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नुकतेच ९ जणांच्या सॉफ्टवेअर टीमचे लीड झालात, वरच्या साहेबांनी दर महिन्याला डॅशबोर्ड मागितलाय, त्यात प्रत्येकाचे कमिट किती (म्हणजे कोडमधले बदल किती वेळा जमा केले), स्टोरी पॉइंट किती (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण), बग किती सोडवले, तास किती भरले हे सगळं नावानिशी हवंय, टीम त्यावरून आत्ताच फुगून बसलीय, आणि तुम्हाला विचारायचंय की यातलं काय ठेवू, काय काढू आणि त्यासाठी एखादं टूल विकत घ्यावं लागेल का.

टूलचं शेवटी बघू. मी बरीच वर्षं या धंद्यात आहे, आधी डेव्हलपर असताना माझे आकडे लोकांनी काढले, नंतर मॅनेजर झाल्यावर मी लोकांचे काढले, आणि दोन्हीकडे माती खाऊन झालीय, म्हणून सरळ सांगते. त्या यादीतलं आत्ता काहीच लावू नका. आधी एक दुपार काढा, गेल्या दीड-दोन महिन्यांत पूर्ण झालेली वीसेक तिकिटं, म्हणजे ट्रॅकरमधल्या एकेका कामाच्या नोंदी, उघडा आणि साध्या शीटमध्ये प्रत्येकासमोर पाच तारखा लिहा: काम हातात कधी घेतलं, पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे झालेला कोड इतरांनी तपासावा म्हणून ठेवणं) कधी टाकला, रिव्ह्यूची पहिली कमेंट कधी आली, मर्ज कधी झालं (मुख्य कोडमध्ये कधी मिसळलं), प्रोडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरकर्त्यांपर्यंत, कधी गेलं. तिकिटं निवडून घेऊ नका, सलग वीस घ्या, नाहीतर नकळत सगळी गुणी तिकिटं शीटमध्ये येतात. आणि हे कुणा ज्युनिअरला करायला देऊ नका, स्वतः करा, कारण आकड्यांपेक्षा तिकिटं वाचताना जे दिसतं ते महत्त्वाचं असतं.

मी एका टीममध्ये हे केलं तेव्हाचं एक तिकीट मला अजून जसंच्या तसं आठवतं. रिपोर्टच्या स्क्रीनवर एक जादा फिल्टर टाकायचा, एवढंच काम. सोमवारी ३ तारखेला सकाळी डेव्हलपरने घेतलं, बुधवारी ५ तारखेला संध्याकाळी कोड तयार, पीआर टाकला. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, पहिली कमेंट आली सोमवारी १० तारखेला. दोन बारीक बदल सांगितले होते, ते मंगळवारी अर्ध्या दिवसात झाले, बुधवारी १२ तारखेला संध्याकाळी अप्रूव्ह होऊन मर्ज. मग क्यूएचं (टेस्टिंग करणाऱ्यांचं) एन्व्हायर्नमेंट, म्हणजे जिथे टेस्टिंग करतात ती सिस्टिम, दुसऱ्या टीमच्या बिल्डने अडवून ठेवलेलं, ते शुक्रवारी संध्याकाळी मोकळं झालं. सोमवारी १७ ला अर्ध्या दिवसात टेस्टिंग झालं, सगळं ओके. आणि रिलीज दर पंधरा दिवसांनी गुरुवारी असायचं, म्हणून प्रोडक्शनला गेलं २० तारखेला.

कामाचे दिवस मोजा, १४ होतात. त्यात माणसाचा हात त्या कामाला लागला असे दिवस किती तर ३ कोडिंगचे, अर्धा बदलांचा, अर्धा टेस्टिंगचा, म्हणजे ४. उरलेले १० दिवस ते तिकीट नुसतं कुणाची तरी वाट बघत पडून होतं. गंमत म्हणजे त्या डेव्हलपरला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की मी पूर्णवेळ बिझी होतो, आणि ते खरंच होतं, कारण वाट बघता बघता त्याने आणखी दोन तिकिटं उघडली होती, आणि ती दोन्हीपण पुढे अशीच कुठेतरी पडली.

आता याच तिकिटावर साहेबांचा डॅशबोर्ड लावून बघा. कमिट सहा, पॉइंट तीन, तास भरपूर. यातून १४ चे ४ कसे करायचे याबद्दल काही कळतं का? डेव्हलपरने अगदी जीव तोडून टाइप केलं असतं तरी ३ दिवसांचे २ झाले असते, म्हणजे १४ चे १३. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसा प्रकार आहे हा. सगळीकडे माणसाचा वेग मोजतात, आणि काम अडकलेलं असतं दोन माणसांच्या मधल्या जागेत, जिथे कुणाचंच नाव नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तिकिटाच्या मागे जा, माणसाच्या मागे लागू नका. नावानिशी आकडे काढले की ते आकडे काही आठवड्यांत खोटे व्हायला लागतात, आणि त्यात कुणी वाईट माणूस असायची गरज नसते.

हे मी स्वतः करून बसलेय. एका कंपनीत, नाव जाऊ दे, क्यूएच्या अप्रेझलमध्ये किती बग शोधले हे धरायचं ठरलं आणि डेव्हलपरच्या अप्रेझलमध्ये त्याच्या कोडमध्ये किती बग निघाले हे. कागदावर किती छान वाटतं बघा, एकाने शोधायचे, दुसऱ्याने होऊ द्यायचे नाहीत. डॅशबोर्ड मीच बनवला होता आणि मला त्याचा अभिमान वगैरे पण होता. पहिल्या महिन्यात क्यूएने एकच बग तीन ब्राउझरसाठी तीन वेगवेगळे टाकायला सुरुवात केली. मग डेव्हलपर प्रत्येक बगखाली भांडायला लागले की हा बग नाहीये, ही नवी रिक्वायरमेंट आहे. दोन महिने असं भांडून दोन्हीकडचे लोक दमले आणि मग आपसात समझोता झाला. तो मला कसा कळला तर एक नवीन आलेली टेस्टर माझ्या डेस्कपाशी आली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "मॅडम, हा टाकू की नुसता सांगू?" मला आधी समजलंच नाही. म्हणजे ट्रॅकरमध्ये टाकायचे बग वेगळे आणि चॅटवर सांगून गुपचूप दुरुस्त करायचे बग वेगळे, अशी पद्धत पडली होती आणि ती बिचारी ती पद्धत शिकत होती. त्या तिमाहीत बगचा ग्राफ इतका सुंदर खाली आला की मॅनेजमेंटने कौतुकाची मेल पाठवली. सपोर्टचे कॉल वाढले होते, पण ते दुसऱ्या डॅशबोर्डवर होते.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल हे म्हटलं होतं, की एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला घेतलात की त्यातला नियमितपणा मोडतो. पुढे १९९७ मध्ये मेरिलिन स्ट्रॅदर्न या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ते आणखी सोपं करून सांगितलं, की माप हेच टार्गेट झालं की ते चांगलं माप राहत नाही. आपल्या क्षेत्रात हे वाक्य सगळे सांगतात आणि दुसऱ्या दिवशी टार्गेट लावतात.

कोडच्या ओळींचं तर काय सांगायचं. अ‍ॅपलमध्ये १९८२ च्या सुमाराला लिसा कॉम्प्युटरवर काम चालू असताना मॅनेजरांनी दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरायला सांगितलं. बिल अ‍ॅटकिन्सनने त्या आठवड्यात ग्राफिक्सचा एक भाग नव्याने लिहून तो बराच फास्ट केला होता आणि त्यात साधारण २००० ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर लिहिलं, उणे २०००. काही आठवड्यांनी त्याला फॉर्म भरायला सांगणं बंद झालं. चाळीसेक वर्षं झाली या गोष्टीला आणि आता तर एआय टूल मिनिटाला शेकडो ओळी ओकतं, तरी अजून ओळी आणि कमिट मोजायची हौस काही जात नाही. कमिटचं पण तेच, एकाला दिवसातून दहा छोटे कमिट करायची सवय असते, दुसरा सगळं झालं की एकदाच करतो, आणि तुमच्या टीममध्ये जर कुणी असा सीनिअर असेल जो दिवसभर इतरांचे रिव्ह्यू करतो, अडलेल्यांपाशी जाऊन बसतो, प्रोडक्शनचा गोंधळ निस्तरतो, तर त्याचे कमिट सगळ्यात कमी निघतील आणि तुमच्या डॅशबोर्डवर तो सगळ्यात खाली दिसेल. तो एक दिवस सुट्टीवर जाऊ दे, मग बघा.

स्टोरी पॉइंट हा मुळात अंदाज आहे, हे काम त्या कामापेक्षा मोठं की लहान एवढं सांगणारा. त्याला उत्पादन म्हणून मोजलं की काय होतं? आमच्याकडे एकदा फर्मान निघालं की वेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्यात) पूर्ण होणारे पॉइंट, २० टक्के वाढवा. दोन स्प्रिंटमध्ये वाढली! आधी ज्याला ३ म्हणायचे त्याला लोक ५ म्हणायला लागले, पूर्ण होणारी तिकिटं तेवढीच. कुणी मीटिंग घेऊन ठरवलं नव्हतं, प्लॅनिंगला आकडे सांगताना आपोआप हात सैल सुटला. रॉन जेफ्रीज, ज्यांच्याकडे स्टोरी पॉइंटचं जनकत्व जातं, ते स्वतःच लिहून बसलेत की बहुतेक मीच शोधले असतील, आणि शोधले असतील तर आता वाईट वाटतं. तुमची टीम पॉइंट स्वतःच्या प्लॅनिंगला वापरत असेल तर वापरू द्या, फक्त ते टीमच्या बाहेर जाऊ देऊ नका, आणि दोन टीमच्या वेलॉसिटीची तुलना तर चुकूनही नको.

मग लावायचं काय? बऱ्याच ठिकाणी आता ज्याला डोरा मेट्रिक्स (डोरा हे एका संशोधन गटाचं नाव) म्हणतात ती चार मापं वापरतात, निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या संशोधनातून ती लोकांपर्यंत पोचली. किती वेळा डिप्लॉय करता (नवा कोड प्रोडक्शनला चढवता), कमिट झालेला बदल प्रोडक्शनला जायला किती वेळ लागतो, केलेल्या डिप्लॉयपैकी कितींमुळे काहीतरी बिघडून हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) किंवा रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाणं) करावा लागला, आणि बिघडल्यावर परत सुरळीत व्हायला किती वेळ गेला. पहिली दोन वेगाची, नंतरची दोन स्थैर्याची. ही मला आवडतात, कारण ती कुणा एका माणसाची होऊच शकत नाहीत, आणि दोन-दोनच्या जोडीत असल्यामुळे एकाला फसवायला गेलं की दुसरं बोंब मारतं. वेग दाखवायला टेस्ट न करता ढकललं तर बिघाड वाढलेला दिसतो. म्हणून वेगाचं एकटं आणि स्थैर्याचं एकटं असं कधी दाखवू नका, चारही एका पानावर ठेवा.

पण यातही खड्डे आहेत. पहिला म्हणजे व्याख्या. बिघाड कशाला म्हणायचं? फीचर फ्लॅग (एखादं फीचर चालू-बंद करायचं बटण) बंद केला तर तो बिघाड का? कॉन्फिग (नुसती सेटिंग) बदललं तर ते डिप्लॉय का? हे चार ओळींत लिहून ठेवा आणि किमान सहा महिने बदलू नका, नाहीतर प्रत्येक वाईट महिन्यात व्याख्या थोडी थोडी सरकते. दुसरा खड्डा छोट्या संख्यांचा. महिन्याला ६ डिप्लॉय असतील आणि एक फसलं तर १६.७ टक्के, पुढच्या महिन्यात दोन फसली तर ३३.३ टक्के, आणि रिव्ह्यूमध्ये कुणीतरी म्हणणार की बिघाडाचं प्रमाण दुप्पट झालं! अहो, एक डिप्लॉय जास्त फसलं, बाकी काही झालेलं नाही. एवढ्या छोट्या आकड्यांना टक्केवारी लावूच नका, "६ पैकी २" असं लिहा आणि त्या दोन्हींबद्दल दोन-दोन वाक्यं लिहा, ते जास्त उपयोगी पडतं.

तिसरा खड्डा सरासरीचा आणि हा सगळ्यात जास्त लोकांना गिळतो. समजा दहा तिकिटांना लागलेले दिवस असे आहेत: २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, ६ आणि ३८. सरासरी ७. पण दहापैकी नऊ तिकिटं ७ दिवसांच्या आतच झालीत, ७ दिवस लागलेलं एकही तिकीट नाहीये, मग हा ७ कुणाबद्दल बोलतोय? मधला आकडा काढा, साडेतीन येतो, तो खरा रोजचा अनुभव. आणि ३८ वाल्याची वेगळी चौकशी करा. आमचं असं एक होतं ते दुसऱ्या टीमच्या एपीआयसाठी (त्यांच्या सिस्टिमशी जोडायच्या सोयीसाठी) थांबलेलं, आणि त्या टीमला कुणी सांगितलंच नव्हतं की आम्ही थांबलोय. तारीख सांगताना मी ८५ पर्सेंटाइल वापरते, म्हणजे आजवरच्या शंभरातल्या ८५ तिकिटांना जेवढ्या दिवसांच्या आत संपता आलं तो आकडा. "अशी कामं शंभरातली पंच्याऐंशी वेळा ६ दिवसांत होतात" हे साहेबांना सांगता येतं, क्लायंटला सांगता येतं, आणि ते खरं असतं.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. आकडे वरखाली होतातच, काही झालं नाही तरी होतात. समजा आठ आठवड्यांत पूर्ण झालेली तिकिटं अशी: ९, १२, ८, ११, १०, १३, ७, १०. सातव्या आठवड्यात ७ दिसले की सोमवारी मीटिंग लागते, असं का झालं? कुणाची सुट्टी, कुणाचा सर्व्हर, काहीतरी कारण सांगितलं जातं, कारण विचारलंय तर सांगावं लागतं. आठव्या आठवड्यात १० झाले की सगळे म्हणतात मीटिंगचा उपयोग झाला. वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये टेलिफोनच्या उपकरणांच्या उत्पादनासाठी यावर उपाय काढला, कंट्रोल चार्ट, आणि त्याचं एक सोपं रूप शीटमध्ये पाच मिनिटांत होतं. सरासरी काढा, इथे १०. लागोपाठच्या दोन आठवड्यांमधला फरक काढा: ३, ४, ३, १, ३, ६, ३. त्यांची सरासरी साधारण ३.३. तिला २.६६ ने गुणा (हा या चार्टचा ठरलेला गुणक), ८.७ च्या आसपास येतात. म्हणजे १० च्या खाली आणि वर ८.७, साधारण १.३ ते १८.७ या पट्ट्यातला कुठलाही आकडा म्हणजे या टीमचं नेहमीचं डोलणं. ७ ला कारण विचारणं म्हणजे फाशाला कारण विचारणं. शून्य आले किंवा २० आले तर जरूर विचारा. आणि पट्ट्याच्या आतच राहून सलग आठ आकडे सरासरीच्या एकाच बाजूला आले तरी समजा की काहीतरी खरंच बदललंय. मी हे सुरू केल्यापासून माझ्या निम्म्या "असं का झालं" मीटिंग बंद झाल्या, आणि टीमने त्याबद्दल जे आशीर्वाद दिले ते कुठल्याच डॅशबोर्डवर नाहीत.

"जे मोजता येत नाही ते मॅनेज करता येत नाही" हे वाक्य गुणवत्ता व्यवस्थापनातले जाणकार एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर खपवतात, साहेबही कदाचित तुम्हाला ऐकवतील. डेमिंग यांनी उलट लिहिलंय, की असं समजणं हा महागात पडणारा गैरसमज आहे. आणि सॉफ्टवेअरमध्ये ज्यांनी १९८२ मध्ये साधारण असंच वाक्य लिहिलं त्या टॉम डीमार्को यांनी २००९ मध्ये लेख लिहून स्वतःचीच भूमिका बरीचशी मागे घेतली. वाद घालायला कामाला येतं म्हणून सांगितलं, घालू नका मात्र.

साहेबांना एकच आकडा दाखवायचा असेल तर मी एका वेळी किती कामं उघडी आहेत तो दाखवीन. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलेला नियम आहे, रांगेत सरासरी किती जण आहेत भागिले दर आठवड्याला किती बाहेर पडतात, बरोबर सरासरी किती वेळ थांबावं लागतं. तुमच्या ९ जणांकडे २७ तिकिटं उघडी असतील आणि आठवड्याला ९ पूर्ण होत असतील तर एक तिकीट सरासरी ३ आठवडे घेणार, मग तुम्ही कितीही फॉलोअप घ्या. तीच उघडी कामं १५ वर आणली आणि वेग तोच राहिला तर पावणेदोन आठवड्यांच्या आत येतं. कुणाला जास्त काम करायला लावलेलं नाही, नुसतं नवीन उघडायच्या आधी जुनं संपवा म्हटलं. हे दीर्घकाळच्या सरासरीचं गणित आहे, या आठवड्याचं भाकीत नाही, शिवाय तिकिटं अर्धवट सोडून "नंतर बघू"मध्ये ढकलत असाल तर जमणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

याला लागूनच तासांचं. साहेबांना तास कशाला हवेत तर सगळे पूर्ण भरलेले आहेत ना हे बघायला. रांगांच्या साध्यातल्या साध्या गणितात, जिथे कामं केव्हाही येतात आणि लहानमोठी असतात, माणूस ८० टक्के भरलेला असेल तर नव्या कामाला स्वतःच्या वेळेच्या ४ पट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. शंभरला तर रांग संपतच नाही. आपली कामं काही नेमकी त्या गणितातली नसतात, पण वळण तसंच असतं. वरच्या तिकिटाची पहिली कमेंट दोन दिवस का आली नाही? रिव्ह्यू करणारा आळशी होता म्हणून नाही, तो शंभर टक्के भरलेला होता म्हणून. त्याच्या टाइमशीटवर तो आदर्श कर्मचारी होता.

लोकांना काय वाटतं हे मोजावं का? मोजावं, २०२१ मध्ये फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी स्पेस नावाची चौकट मांडली तिच्यात समाधान हा पहिलाच भाग आहे, आणि त्यांचं मुख्य म्हणणं हेच की एका आकड्याने प्रॉडक्टिव्हिटी कळत नाही, वेगवेगळ्या बाजूंनी बघावं लागतं. पण ९ जणांत निनावी सर्व्हे निनावी नसतो, भाषेवरून कळतं कुणी लिहिलंय. त्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाशी अर्धा तास बोला आणि "या आठवड्यात कशासाठी थांबावं लागलं?" एवढंच विचारा. "कसं चाललंय" विचारलं तर उत्तर "छान" येतं.

आता साहेबांचं. त्यांना खलनायक करू नका, बहुतेक वेळा त्यांनाही वरून कुणीतरी विचारलेलं असतं आणि कमिट मागतात कारण ते टूलमधून फुकट निघतं. त्यांना खरं काय हवंय ते समोरासमोर विचारा. मी असं विचारते: "सर, समजा कुणाचे कमिट या महिन्यात निम्मे झाले, तर तुम्ही काय कराल?" बहुतेक वेळा थोडी शांतता होते आणि मग खरा प्रश्न बाहेर येतो, रिलीज वेळेवर होणार का, किंवा गेल्या महिन्यातला तो घोळ परत होणार का, किंवा आणखी दोन माणसं मागताय ती खरंच लागतात का. या तिन्हींची उत्तरं देता येतात. एक पान द्या: अशी कामं किती दिवसांत होतात, सध्या काय अडकलंय आणि कुणामुळे, म्हणजे कुठल्या टप्प्यामुळे, माणसाचं नाव नको, किती डिप्लॉय झाले आणि कितींनी त्रास दिला. सिस्टिम किती बंद राहिली तर चालेल हेही एकदा ठरवून घ्या, ९९.९ टक्के म्हटलं तर ३० दिवसांत ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते, आणि हे मिनिटांत सांगितलं की साहेबांनाही पटकन कळतं की ९९.९९ मागितलं तर काय मागतोय, ४ मिनिटं आणि वर थोडे सेकंद. दोन-तीन महिने हे पान नियमित गेलं की नावानिशी यादी मागणं बहुधा आपोआप थांबतं. नाहीच थांबलं तर द्या, पण आधी टीमला सांगा की हे वर जातंय, आणि अप्रेझलला तुम्ही ते वापरणार नाही हेही सांगा आणि पाळा. लपूनछपून पाठवलेला रिपोर्ट एक ना एक दिवस कुणाच्या तरी स्क्रीनवर उघडा राहतो.

मग जो खरंच काम करत नाही त्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार. ९ जणांच्या टीममध्ये तो कोण हे तुम्हाला माहीत असतं, टीमला तर तुमच्या आधीपासून माहीत असतं. त्याच्यासाठी आठ जणांवर मीटर लावायची गरज नाही, त्याच्याशी बोलायची गरज आहे. ते अवघड असतं म्हणूनच मॅनेजर लोक डॅशबोर्डच्या आड लपतात, उंटावरून शेळ्या हाकतात. मीपण लपलेय.

टूलचं: आत्ता नको. वीस तिकिटांच्या शीटने भागतं, आणि तुमच्या ट्रॅकरमधून तारखा एक्सपोर्ट होतच असतील. फक्त ट्रॅकरमधल्या तारखांवर आंधळा विश्वास नको, लोक शुक्रवारी संध्याकाळी एकदम पाच तिकिटं "डन"ला सरकवतात, म्हणून पीआर आणि डिप्लॉयच्या तारखा रेपॉझिटरीतून (जिथे कोड ठेवतात तिथून) घ्या.

त्या फिल्टरवाल्या टीममध्ये आम्ही पहिली फक्त एकच गोष्ट मोजली, पीआर टाकल्यापासून पहिल्या कमेंटपर्यंत किती तास. टार्गेट काही लावलं नाही, आकडा नुसता स्टँडअपला (रोजच्या छोट्या मीटिंगला) वाचून दाखवायचो, कुणाचं नाव न घेता. तिसऱ्या आठवड्यात टीमनेच ठरवलं की जेवणानंतरचा पहिला अर्धा तास रिव्ह्यूचा, त्या वेळी दुसरं काही नाही, आणि रिव्ह्यू लांबतात कारण पीआर राक्षसासारखे मोठे असतात हेही त्यांनीच शोधून काढलं, मग ते तुकडे करून टाकायला लागले. दीड महिन्यात दोन दिवसांचे चार-पाच तास झाले. तिकिटं मात्र म्हणावी तशी लवकर प्रोडक्शनला जाईनात, शीट परत उघडली तर सगळी रांग सरकून क्यूएच्या एन्व्हायर्नमेंटपाशी जाऊन बसली होती. मग रिव्ह्यूचा चार्ट काढून टाकला आणि त्या जागी एन्व्हायर्नमेंटसाठी थांबलेले दिवस लावले.